आपल्या शेतातला रोमन मालाचा रस्ता

कर्वेनगर, रविवार (घाई आहे, म्हणून पत्राचा फोटो मोबाइलवर)

प्रिय साडूभाऊ अवधूतराव यांस गोपाळकृष्णाचा सप्रेम नमस्कार. बंगळुरूच्या हवेत गुडघा कसा आहे? हेमाताईंना सर्दी असल्यास हिने काढा सुचवला आहे (नसती तरी सुचवला असता).

आधी बातमी. हडपसरपुढच्या आपल्या शेतात प्राचीन रस्ता निघाला! कालच नीरजाताईंनी जागेवर येऊन खात्री दिली. त्यांनी तीस वर्षे इतिहास शिकवला आहे आणि त्या सहसा कशालाच बरे म्हणत नाहीत. म्हणाल्या, "जुना आहे. रोमन लोकांनी बांधलेला नाही, उगाच उड्या मारू नका. त्यांचा माल गेला असेल फार तर." मी तेवढ्यावरही उड्या मारल्या.

झाले असे, की कुंपणाच्या भिंतीवर लक्ष ठेवायला आपण सांगितलेत, म्हणून मी रोज दोन बस बदलून जात होतो. पाया खणताना सपाट दगडांची सरळ रांग लागली, आणि त्यांवर बैलगाड्यांच्या बोटभर खोल चाकोऱ्या! मी चाकोरीत बसूनच पाहिले (पँट धुतली आहे). गवंडी म्हणाला, "काका, फोडून पायात घालू?" मी नको म्हणालो; पण पाटीशिवाय कोण ऐकतो? दुसऱ्याच दिवशी लावली: 'हा मार्ग दोन हजार वर्षे रहदारीचा आहे. अडवू नये. अडवणाऱ्याने स्वतःची अक्कल तपासून घ्यावी.'

गवंडी थांबला. पण मागच्या शेतातले पोपटराव, ज्यांना आपण आठ वर्षे वाट देत नाही, ते पाटीसमोर येऊन उभे राहिले. "पावणं, हे खरं हाय का?" मी तासभर पटवून दिले. सगळे ऐकून ते म्हणाले, "मग दोन हजार वर्सांत माझाच ट्रॅक्टर तेवढा जड झाला व्हय?" आणि पाटीचा फोटो जोडून त्यांनी तहसील कचेरीत वाटेसाठी अर्ज दिला.

थांबतो. राग येण्याआधी लोभ आठवावा.

आपला,
गोपाळकृष्ण

ता. क. पाटीखाली 'जागामालक' म्हणून आपले नाव घातले आहे. माझे घातले असते तर गवंड्याने विचारले असते, तुम्ही कोण.

आणखी एक. मंगळवारी अकराला तहसीलदार पाहणीला येणार आहेत. त्यांच्या मते मालकाने स्वतःच लिहून दिल्यावर वादाचा प्रश्न उरत नाही. आपण सोमवारच्या विमानाने यावे. गाव आपला सत्कार करणार आहे, नारळ आपल्या हस्ते फुटेल आणि मागोमाग पोपटरावांचा ट्रॅक्टर निघेल. चेहरा तेवढा आनंदी ठेवावा.