उलट्या बाह्यांचा कोट

३ मार्च, सोमवार

छातीतली गाठ वाईट निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर आहे, पण वेळेत सापडलाय. ऑपरेशन करून टाकू." त्यांच्या मागच्या खिडकीत एक ढग अगदी सावकाश चालला होता. म्हणावंसं वाटलं — थांबा हो, तो आधी जाऊ दे! येताना बसमध्ये आपला थांबा आला, गेला. उतरलेच नाही. शेवटपर्यंत बसून राहिले. बरं वाटत होतं.

४ मार्च

ह्यांना सांगितलं नाही. दुकानात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं — हे कापतात, मी शिवते. बत्तीस वर्षं! दुपारी अस्तराचं निळं कापड टेबलभर पसरलं होतं. डुलकी लागली. मी त्या निळ्यात पोहत होते, गळ्यापर्यंत पाणी, कसली म्हणून काळजी नाही. "अगं, झोपतेस काय? गिऱ्हाईक दारात!" हसतच जागी झाले.

६ मार्च

ऑपरेशन नको. ठरलं. लेक मार्गी लागली, आता कशाला ती कापाकापी? असंच तरंगत तरंगत जावं.

८ मार्च, शनिवार

जेवताना सांगून टाकलं. ऑपरेशन नको, हेही. हे म्हणाले, "बरं. तुझी मर्जी." बास! हात धुतले नि दुकानात गेले. बत्तीस वर्षांचा संसार आणि तीन शब्द! दगड परवडला. मी उशीत तोंड खुपसून रडले — नुसता संताप.

१० मार्च, सोमवार

बँकेतले साहेब कोट न्यायला आले. अंगात घातला नि आरशासमोर उभे राहिले. डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे! दोन्ही हात आपले मागे मागे चाललेले. कोटाच्या बाह्या हेच लावतात, मला शिवू देत नाहीत. आजवर अशी चूक नाही. साहेब म्हणाले, "मास्तर, मी येतोय की जातोय?" मला हसू आवरेना. हसता हसता ह्यांच्याकडे पाहिलं, तर हातात कात्री तशीच, डोळ्यांतून धारा. गिऱ्हाइकासमोर! "परवापासून काही दिसतच नाही गं," म्हणाले.

साहेब बिचारे उद्या येतो म्हणून गेले. मी एक बाही उसवायला घेतली, ह्यांनी दुसरी. ऊन टेबलावरून उतरून माझ्या पायांवर आलं. उठूच नये असं वाटलं. ह्यांना सोडून मला कुठ्ठे जायचं नाही.

११ मार्च

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हटलं, लवकरात लवकरची तारीख द्या. शुक्रवार मिळाला.

भीती वाटतेय. भयंकर! कालपर्यंत वाटत नव्हती.