आईचा आंबा, आबांची दोरी

१८ जानेवारी १९६२, देवबाग
आंबा असा कधी मोहरला नव्हता. पान दिसत नाही. आईने माहेराहून, मसुऱ्याहून कोय आणून लावलेला. ती जाऊन तीन वर्षं झाली. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ओढून दाखवतात, माझ्याकडे बोट करून, "बघ, हिच्या आवशीन धाडल्यान!" इतके खूश किती दिवसांनी.

२३ जाने.
चौथीला वनस्पतींचं अन्न. शेवंता विचारते, "बाई, हंय तर नुसती रेव. मगे झाड खाता काय?" पुस्तकातलं सांगितलं. मुळांनी पाणी, पानांनी हवेतला वायू, आपण श्वासातून सोडतो तोच. उन्हात पान दोहोंची साखर करतं. ती मुळांपर्यंत उतरते, तिचंच लाकूड होतं. माझ्या कवेत न मावणारा आमचा आंबा, म्हणजे हवा आणि पाणी! नऊ वर्षं हा धडा घेतेय, कळला आज.

२४ जाने.
संध्याकाळी हौसेने बुंध्याला मिठी मारायला गेले. हाताला दोरी लागली. खाडीकाठचा माड उधाणात पडल्यापासून आबा होडी आंब्याला बांधतात. दोरी बोटभर रुतलीय, चहूबाजूंनी. वर फुगवटा, खाली बुंधा बारीक. पाणी आतल्या लाकडातून चढतं, म्हणून झाड हिरवं. साखर सालीतून उतरते, ती दोरीशी अडली. मुळं उपाशी. आणि हा मोहोर वर तुंबलेल्या साखरेचा... आबांना कसं सांगू?

२७ जाने.
सांगितलं.
"चाळीस वर्सां माडाक होडी बांधतंय. एक माड मेलो नाय."
माडाच्या पाण्या-साखरेच्या वाटा खोडभर विखुरलेल्या, आंब्यात साखरेची खाली यायची वाट सालीतच. हे सांगेपर्यंत उठून गेले. दोरी त्यांनीच कापली. जेवले नाहीत.

४ फेब्रु.
मसुऱ्याचे मामा आले. कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारा नाही. झाडाच्याच चार काड्या जखमेवरून बसवल्या, एक टोक खालच्या सालीत, एक वरच्या; साखरेला उतरायला पूल. "धरला तर धरला. पण मोहोर काढूक व्हयो, सगळी साखर तोच खाता." आबांकडे बघायचं धाडस झालं नाही. शिडी त्यांनीच आणली. दुपारभर एकटे खुडत होते.
नंतर म्हणाले, "तोंडातसून सोडतंव तो वारो झाड खाता म्हणतस? तुझी आवस बाजारासून येवन हंयच धापा टाकीत बसायची. तिचो श्वास पण गेलो असतलो हेच्यात?"
हो म्हटलं. मला रडूच आलं.

१ मार्च
दोन काड्या वाळल्या. तिसरी काळी पडतेय. चौथी नखाने खरवडली, आत हिरवी. मामा म्हणतात, पावसाआधी काही सांगता येणार नाही. शेंड्याची पानं गळताहेत.
आबा आता होडी वाळूत ओढून ठेवतात आणि रोज सकाळी आंब्याला टेकून बसतात, तोंड वर करून. "तेका माझो वारो मिळांदे."
एका माणसाच्या श्वासाने एवढ्या झाडाचं काय होणार, मी मास्तरीण, सांगू शकले असते. जाऊन शेजारी बसले. शाळेला उशीर झाला.