अकरावी खुंटी

सोमवार, ३ फेब्रुवारी

चौदा मीटर. मागच्या सोमवारी सोळा होते. नोंदवहीत आकडा लिहिला, खाली वळणदार सही ठोकली. माझ्या अक्षराचं मुख्य कचेरीतसुद्धा कौतुक होतं म्हणे — बाकी कशाचं होत नसलं तरी!

काम म्हटलं तर सोपं. वाळू आणि वस्ती यांच्या मध्ये एक खुंटी. दर सोमवारी खुंटीपासून वाळूच्या कडेपर्यंत फीत धरायची, अंतर लिहायचं. खुंटी वाळूत बुडाली की वस्तीच्या बाजूला चाळीस मीटर मागे यायचं, नवी ठोकायची, आणि पुढे तिच्यापासून मोजायचं. नियमावलीत तसंच आहे. अकरा वर्षं करतोय. आता अकरावी खुंटी चालू आहे.

घरी आलो तर दाराच्या फटीतला ओला फडका पुन्हा वाळून कडक. ही चुलीपाशी होती. मीच भिजवला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चिमणी रात्रंदिवस खोकतेय. सात वर्षांची पोर आणि खोकला म्हाताऱ्याचा. डॉक्टर म्हणाले, "बाटली देतो मी, पण खरं औषध हवापालट. आणि लवकर करा."

कुठे करू? हिच्या भावाकडे एका खोलीत सहा जण. वस्तीतल्या तीसही घरांनी मिळून स्थलांतराचा अर्ज दिलाय, त्याला वर्ष होईल. मंजूर झाला तर नव्या वस्तीत घर. नाही झाला तर आम्ही आहोत आणि फडकी आहेत.

रविवार, ९ फेब्रुवारी

घड्याळ पुसायला गेलो तर बाबा खेकसले. "हात लावू नकोस!"

ते घड्याळ त्यांना बक्षीस मिळालेलं. तरुणपणी ट्रॅक्टर चालवायचे. दोन ट्रॅक्टर, मध्ये जाड साखळी, आणि दोघांनी बरोबरीने निघायचं — मधली झुडपं मुळासकट वर. सगळ्यांना शेतं हवी होती. एका हंगामात सर्वांत जास्त रान बाबांनी साफ केलं, फोटोबिटो निघाला. आठ-दहा पिकं झकास आली. मग उपसून उपसून विहिरी खाऱ्या झाल्या, शेतं टाकून लोक गेले, आणि उघड्या मातीला धरून ठेवायला एक मूळ शिल्लक नव्हतं.

आता घड्याळात वाळू शिरून ते बंद पडलंय. उतरवू देत नाहीत. खिडकीकडे पाठ करून बसतात. चार वर्षांत उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, बूट पलंगाखाली. अर्ज मंजूर झाला तरी येणार नाही म्हणतात. "मी बोलावलंय या वाळूला. मग पाहुणी आल्यावर मीच पळू?"

अशा माणसाशी वाद काय घालायचा. डोकं उठतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

तेरा.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

अर्जाचं उत्तर आलं. हिने उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं. "गेल्या अकरा वर्षांच्या मोजणीनुसार वाळूचे खुंटीपासूनचे सरासरी अंतर वीस मीटर असून त्यात लक्षणीय बदल आढळत नाही. सबब वाळू स्थिर आहे. अर्ज नामंजूर."

मग कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली.

"अहो, ही मोजणी कोणाची?"

मी नियमावली काढली. पान दाखवलं. नवी खुंटी, नवं अंतर — यात माझं काय चुकलं?

"चुकलं कुठे म्हणतेय मी? अक्षर तर किती सुंदर आहे तुमचं."

नियमावली जागेवर ठेवली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

खुंटी मागे सरते. टाकी सरत नाही. एवढं कळायला अकरा वर्षं लागली मला!

वस्तीतल्या पाण्याच्या टाकीपासून मोजलं. सुरुवातीच्या नकाशात टाकीपासून वाळू पाचशे साठ मीटर. आज एकशे तेहेतीस. म्हणजे चारशे सत्तावीस मीटर चालून आली, आणि मी दर सोमवारी तिच्यापुढे मागे मागे सरकत वर लिहून कळवलं की सगळं ठीक. तीस घरं मी अडकवली. माझ्या पोरीचा श्वास मी अडकवला. बाबांनी निदान साखळीने ओढलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. मी टाकाने केलं, टापटिपीत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

साहेबांना फोन लावला. टाकीपासूनचे आकडे सांगितले.

"अकरा वर्षं झोपला होतात?"

नियमावली, म्हणालो.

"नियमावली मी लिहिली नाही. हे बघा, हे आकडे पाठवलेत तर जुने चुकीचे ठरतील, आणि जुन्यांवर सह्या तुमच्या आहेत. नोकरी जाईल. शांतपणे विचार करा." मग जरा मऊ आवाजात, "मुलगी कशी आहे?"

इकडे आड, तिकडे विहीर — आणि दोन्ही कोरड्या.

रविवार, २३ फेब्रुवारी

चिमणीने विचारलं, वाळूला घर नसतं का? मग ती आपल्याकडे का येते? मी म्हटलं, झोप. काय सांगू? तिचं घर आपण मोडलं, म्हणून ती आपलं शोधत आली?

बाबा अंधारातून म्हणाले, "लिही खरं. मी साखळी ओढताना कुणी खरं बोललं असतं तर..." वाक्य पुरं केलं नाही. मला ते पुरं ऐकायचंही नव्हतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

लिहिलं. अकराही खुंट्यांच्या तारखा, टाकीपासून प्रत्येकीचं अंतर, वाळू एकूण किती आली ते. "वरील चूक माझी आहे" असंही. सही पहिल्यांदाच गिचमिड आली. ही दारात उभी होती. तिने चहा साखरेचा दिला. साखर चिमणीसाठी जपून ठेवलेली असते.

सोमवार, ३ मार्च

दहा. उत्तर नाही.

सोमवार, १० मार्च

सात. उत्तर नाही. वारा थांबत नाही. चिमणीला बसवून झोपवतो, आडवी केली की घुसमटते.

शनिवार, १५ मार्च

मंजूर!! तीसही घरं! बस गुरुवारी!

हिने मला सगळ्यांदेखत मिठी मारली. लग्नाला दहा वर्षं झाली, पहिल्यांदाच.

मग खालचा परिच्छेद वाचला. "मोजणीत खंड पडू नये म्हणून निरीक्षकाने पुढील आदेशापर्यंत जागेवरच राहावे. जागा सोडल्यास कुटुंबाचे घर रद्द समजावे."

नोकरी गेली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार, २० मार्च

बस गेली. बाबांना चढवायला चौघे आले. त्यांनी पलंगाची पाटी धरून ठेवली, बोटं पांढरी होईपर्यंत. शेवटी ही म्हणाली, "राहू द्या. त्यांना एकटं नको आणि ह्यांनाही." पाया पडली नाही, रडली नाही. बाबांच्या उशाशी औषधं वेळेनुसार लावून ठेवली.

चिमणी मागच्या काचेतून हात हलवत होती. मीही हलवला. बस दिसेनाशी झाल्यावरसुद्धा हलवत होतो, वेड्यासारखा.

सोमवार, ३१ मार्च

खुंटी बुडाली. बारावी ठोकली. बाराव्या खुंटीच्या मागे टाकी, शाळा आणि आम्ही.

मंगळवार, ८ एप्रिल

वाऱ्याने शाळेची खिडकी फुटली, आत फळ्यापर्यंत वाळू. तीस घरांत दोन माणसं. बाबा आणि मी एकमेकांवर ओरडतो, कारण ओरडायला दुसरं कोणी नाही. आज मीठ जास्त झालं म्हणून भांडलो. मग दोघांनी फावडं घेऊन आतून दार मोकळं केलं. ते बसून, मी उभा.

"मी बोलावली," ते म्हणाले.

"आणि मी लपवली," मी म्हटलं.

दोघंही हसलो. फार वाईट हसू होतं ते.

सोमवार, १४ एप्रिल

एकवीस. दोन आठवड्यांत एकोणीस मीटर, एवढी कधी धावली नव्हती. पाण्याचा टँकर आता आठवड्यातून एकदाच. कंटाळा नाही, भीती नाही. नुसतं मिटल्यासारखं झालंय.

सोमवार, २१ एप्रिल

टँकरवाल्याने नव्या वस्तीतून हिचं पत्र आणलं. बाबांना वाचून दाखवलं.

"चिमणी खोकत नाही. इथे दारापर्यंत हिरवं आहे, बघून डोळे निवतात. पण घरं कमी पडतात, आणि शेतंही हवी आहेत सगळ्यांना. म्हणून मागच्या टेकडीवरची झुडपं काढताहेत. दोन ट्रॅक्टर आहेत, मध्ये साखळी. चिमणीला फार गंमत वाटते, रोज बघायला जाते."

बाबांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "टँकर गेला का रे?"

नाही, म्हटलं. उभा आहे.

"पलंगाखालचे माझे बूट काढ."

आज मोजणी केली नाही.