‘आम्ही’ खोडून

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुम्हाला लिहिताना शुद्धलेखनाची भीती वाटायला नको. वाटते. सेलूच्या शाळेत मी तुम्हाला ऐटीत सांगितलं होतं, “आम्ही शनिवारी शाळेमागे कडुलिंब लावणार आहोत.” तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. “आणि मी काय करू? तुमच्यावर छत्री धरू? ‘आपण’ म्हण. संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन आहे, पण ऐकणाऱ्यालाही आत घ्यायची ही सोय नाही. मराठीत आयती मिळालीय, वापर.” शनिवारी तुम्ही धोतर खोचून खड्डे खणलेत.

यंदा फाल्गुनातच विहिरींनी तळ दाखवला. पाऊस आता येतो तो एका दुपारी सगळा येतो आणि नाल्यातून निघून जातो. म्हणून गावाने पारावर बसून ठरवलं: नवं बोअर नाही, मोटार एक दिवसाआड, आणि ज्याची पाळी त्याने आधी जनावरांचा हौद भरायचा. शेजारी म्हणाला, धूर सोडणार सारी दुनिया अन् मोटार बंद ठेवायची ती आमी. त्याचं खोटं नव्हतं. पण दुनियेला काही आपल्या पारावर बोलावता येत नाही, एवढंच मला सुचलं.

ठरावाचा मसुदा अर्थातच माझ्याकडे आला. संस्कृत शिकलेल्याचा गावाला तेवढाच उपयोग. मी झोकात वाचलं, ‘आम्ही खाली सह्या करणारे शेतकरी’. मेंढ्या राखणाऱ्या मावशीने विचारलं, “मास्तर, ह्यात मी हाय का न्हाई?” मी म्हणालो, मावशी, तुम्हाला ना शेत ना मोटार.

“मेंढरं हौदावरच पितेत. त्यातलं शेवाळ काढते कोन? मीच. आपण लिवा, मंग अंगठा देते.”

मी ‘आम्ही’ खोडलं. ‘शेतकरी’ही खोडावं लागलं. पहिला अंगठा तिचा, मग शेजाऱ्याची सही, कुरकुरत. माझी सर्वांत खाली, वळणदार. सहीपुढे मी ‘लेखनिक’ असं लिहिलं. सगळ्यांना तो माझा विनय वाटला. तुम्हाला वाटला नसता. गावातलं सर्वांत खोल बोअर माझं आहे आणि मोसंबीला फळ धरलंय.

तुमचा पत्ता असता, तरी हे पत्र मी टाकलं नसतं. काल हौदाची पाळी माझी होती. मावशी कोरड्या हौदापाशी मेंढ्या घेऊन बराच वेळ उभी होती. मी चिखलाच्या पायांनी बागेतून आलो आणि तिला सांगितलं, लाईट नव्हती. ती बरं म्हणाली आणि मेंढ्या वळवून घेऊन गेली.