पहिल्या प्रकरणातून निघून गेलेले वडील

प्रिय नाना,

मुलांच्या अद्भुत कादंबऱ्यांमधली एक गोष्ट बहुतेक वाचकांच्या ध्यानात आलेली असते. पहिल्या प्रकरणातच आई-वडील नाहीसे होतात! कोणी प्रवासाला जातात, कोणी अंथरूण धरतात, कोणाला लेखकाने आधीच मारून टाकलेलं असतं. काल डिंडोलीच्या शाळेत अशीच एक गोष्ट सुरू केली, तर माझ्या पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, हिचे मम्मी-पप्पा कुठे गेले?" नेमका तुमचाच प्रश्न. घरी येऊन तो मी आईला हसत सांगितला, तर ती रडू लागली. वर्षभर मनात दाबून ठेवलेली गोष्ट तिने काल सांगितली. म्हणून, तुम्हाला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असूनही, आज लिहिते आहे.

आठवते ती कादंबरी? वाचनालयातून आणलेली, पाठीला खळ लावून चिकटवलेली? भिंतीवरच्या ओलीच्या डागातून रेवती नावाची मुलगी एका मुक्या राज्यात शिरते. तिथल्या राणीने सगळ्यांचे आवाज गाडग्यांत कोंडून ठेवलेले असतात, आणि एक लंगडा बगळा रेवतीला वाट दाखवतो. खात्याला, म्हणजे तुमच्या मागांच्या कारखान्याला, सुट्टी असली की दुपारी तुम्ही माझ्यासमोर मांडी घालून बसायचा. उधन्याच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेली तुम्ही माणसं. तिथे सगळे एकमेकांचे ओठ पाहूनच बोलतात. तुमचे कान केव्हाच मंदावले होते. आम्हाला ओरडावं लागत नसे, फक्त समोर बसावं लागे.

मुकं राज्य तुम्हाला भलतंच पटलं होतं. "हाई तं आमनं खातं शे!" म्हणून किती हसला होता!

मग तुम्ही विचारलंत, "पन तिना मायबाप कोठे गयात?"

मला तेव्हा समजावून सांगण्याची केवढी हौस! डी.एड.ला नुकताच प्रवेश मिळालेला. मी सांगितलं: नाना, आई-वडील जवळ असले तर ते मुलीला त्या भिंतीला हातही लावू देणार नाहीत. निर्णय तिचा तिने घ्यायला हवा, भीती तिची तिने ओलांडायला हवी. म्हणून लेखक त्यांना वाटेतून दूर करतो.

तुम्ही म्हणालात, "मंग हाऊ बगळाच तिना बाप व्हई. रूप बदलीसन उना."

"नाना, बगळा हे साहाय्यक पात्र आहे," मी म्हणाले. किती शहाणी होते मी!

त्यानंतर मी दुसरा अर्धा भाग सांगितला: पण सगळी वाट असते ती परत त्यांच्याकडेच जाणारी, शेवटी त्यांनी भेटायलाच हवं, नाहीतर गोष्ट पुरी होत नाही. मात्र हे सांगताना शेवटचं पान शोधायला मी पुस्तक उचलून तोंडासमोर धरलं होतं. तुम्ही मान हलवलीत. समजलं, असं मी धरून चाललं. ओठ पाहून ऐकणाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला एवढंही कळू नये?

पुढच्या वर्षी मी डी.एड.साठी धुळ्याला असताना तुमची छाती बिघडली. आई तार करायला निघाली, तर तुम्ही तिला अडवलंत. तिने काल तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "तिले सांगू नको. परीक्षा होऊ दे. मायबाप मधमा उनात का पोरले वाट सापडत नही, तीच सांगे ना?"

शेवटचा पेपर देऊन मी उधन्याला उतरले, तेव्हा तुम्हाला जाऊन दोन दिवस झाले होते.

वर्षभर मी तुमच्यावर रागावले होते, नाना. मला परकी का केलंत, म्हणून. आता कळतं, तुम्ही माझं ऐकलंत. जेवढं दिसलं तेवढं सगळं ऐकलंत! पण एकदा विचारायचं तरी होतं, "मंग मायबाप परत कधी येतस?" तुम्ही प्रश्न विचारणारे गृहस्थ, नेमका तोच कसा राहिला?

आणि बगळ्याबाबत तुमचंच बरोबर होतं. काल रात्री ती कादंबरी पुन्हा वाचली. जिथे रेवती अडखळते तिथेच तो येतो, आणि तिला घाई झालेली असते तेव्हा न बोलता मागे राहतो. अशी ओळख पटवायला डी.एड. लागत नाही.

आज मी वर्गात रेवतीची उरलेली गोष्ट थोडक्यात सांगत संपवत आणली. शेवटचं पान उरलं असताना पुस्तक मिटलं आणि विचारलं, "आता ही कुठे जाईल?" तीच कालची मुलगी अर्ध्या गुजरातीत चिडून म्हणाली, "घरे जशे ने, बाई! पप्पा वाट पाहत असतील."

नाना, वचन देते: यापुढे कोणत्याही मुलाला ही गोष्ट मी अर्धी समजावणार नाही. वाट शेवटी आई-वडिलांकडेच जाते, हे ज्याला खरं वाटत नसेल, त्याने साधी परीक्षा घ्यावी. कोणतीही अशी कादंबरी मुलाला वाचून दाखवावी, एक पान राखून ती मिटावी, आणि विचारावं, आता कुठे? मूल काय सांगतं, ते ऐकावं.

तुमची,
मंगल