सात नंबरचा फोटो

रवि. ४ जाने.
पाचला उठलो. पूजा. हरभऱ्याला पाणी द्यायचं काम शेजारच्या मारोतीवर सोपवलं. दुपारी अविनाश आला, कुसुमचा धाकटा भाऊ. पुण्याहून गाडी घेऊन, न कळवता. भाकरी, पिठलं मीच केलं. "दाजी, तुम्ही करता?" मग कोण करणार.

जेवल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला. नोकरी सोडल्यापासून फक्त पाण्याचे फोटो काढतो. त्यात नदी नाही, विहीर नाही, काठ नाही. नुसते रंग आणि वळ्या. परभणीत एका खाजगी दवाखान्याची नवी इमारत झाली आहे. पेशंटचे नातेवाईक बसतात त्या हॉलमध्ये याचे अकरा फोटो लागले. पाण्याकडे बघून माणसाचं दुःख हलकं होतं म्हणे. २२ ला उद्घाटन. त्याच दिवशी कुसुमला जाऊन वर्ष होतं. फोटोंखाली तिच्या नावाची पाटी, आणि फीत मी कापायची.

पाटीचा नमुना दाखवला. 'कै. कुसुमबाई.' आम्हा लिंगायतांत लिं. लिहितात, लिंगैक्य. सख्खा भाऊ, आणि एवढंही...
म्हणालो, बघू.

सोम. ५
अ. सकाळपासून म्हशीच्या हौदावर ओणवा. मारोतीची बायको गयाबाई भिंतीवरून बघत होती.
"काय वो आप्पा, पाव्हणा हौदात काय हुडकायलाय?"
फोटो काढतोय म्हणालो.
"हौदाचा? अवो शेवाळ हाय त्यात! आदी सांगावं न्हाई का, घासून ठिवला असता."
अ. हसला. मला नाही आवडलं. या घरात वर्षभर कोणी मोठ्यानं हसलेलं नाही.

जाताना म्हणाला, "पाण्यावर राग धरू नका, दाजी. मला पाण्यानंच बरं केलं."
मी वर्षभर शेतात लांबच्या रस्त्यानं जातो, कालवा लागू नये म्हणून. कालव्यावर एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस. आणि ह्याला पाण्यानं बरं केलं. छान.

आम्ही माती देतो. राख नाही, नदीत सोडणं नाही. शेवटी पाण्याशी आमचा संबंध येतच नाही. तिचा आला.

बुध. ७
नांदेडहून वैशालीचा फोन. मामानं तिला आधीच सांगून ठेवलेलं. "आप्पा, मामा काहीतरी करायलाय तरी. तुमी तर आईचं नाव बी घेत न्हाई." लेकीनं बापाला असं बोलावं. मग रडली. जाऊन बघून येतो म्हणालो, फोन ठेवावा म्हणून.

शुक्र. ९
एस.टी.नं परभणी. दवाखाना चकचकीत. अ. तिथंच होता, फोटोंवरचे दिवे बघत. मला एकेका फोटोपुढे उभं केलं. निळा. पिवळा. एक चांदीच्या वर्खासारखा. मला काही वाटलं नाही, तसं सांगितलं.

सात नंबर. मातकट हिरवा. तिरप्या रेघा, मध्ये फेस, वरच्या बाजूला एक काळसर पट्टा. समोर एक बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "ह्यो लय चांगला हाय. बघितलं की छातीतलं धडधडणं कमी होतंय. कशाचा हाय पण?"
पाण्याचा म्हणालो.
तिरप्या रेघा म्हणजे कालव्याच्या फरशीचे सांधे. काळसर पट्टा म्हणजे ओल, पाणी नुकतंच खाली उतरलेलं. वरच्या कोपऱ्यातून एक बारीक रेघ गेली आहे. तो दोर आहे. त्याच्या टोकाला मारोती होता, कंबरेला बांधून.
बाकी उद्या.

शनि. १०
काल राहिलेलं. अ. ला बाहेर टपरीवर नेलं.
"सात नंबर त्या दिवशीचा आहे."
"हो, दाजी."
लोक तुझ्या बहिणीला हुडकत होते आणि तू फोटो काढत होतास, म्हणालो. आणि वर भिंतीला लावलास. लोकांना बरं वाटावं म्हणून. माझा आवाज चढला असावा, टपरीवाला बघायला लागला.
"मला पोहता येत नाही. डोळ्याला कॅमेरा होता म्हणून मी तिथं उभा राहू शकलो." मग कपात बघत, "तुम्ही पण फोनवरच होता की."
चहा तसाच ठेवून स्टँडवर आलो.

मंगळ. १३
ते फोनचं लिहून ठेवतो. एकदाच.

नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून ती गोधडी घेऊन कालव्यावर गेली होती. मारोती ओरडत आला, नुसती गोधडी वाहत गेली, वहिनी दिसत न्हाईत. मी कालव्याच्या चौकीत ड्यूटीवर होतो. गेट शंभर पावलांवर. ते खाली पाडून बंद केल्याशिवाय पाणी उतरत नाही आणि पाणी उतरल्याशिवाय माणूस सापडत नाही. पण शेतीच्या पाण्याची पाळी चालू होती, शेवटच्या गावांना पाणी मिळायचा पहिलाच दिवस. चालू पाळीत साहेबांच्या हुकुमाशिवाय गेट हलवायचं नाही. एकतीस वर्षं हलवलं नव्हतं. साहेबांना फोन लावला. बिझी. परत लावला. बिझी. तिसऱ्यांदा वाजून वाजून बंद झाला. मग गेटचं चाक फिरवलं.

बायको पाण्यात आणि मी हुकूम मागत होतो.

साहेब नंतर म्हणाले, "अहो, विचारायचं कशाला?" मारोती म्हणतो, "आप्पा, तवाच उशीर झाल्ता. काई फरक पडला नसता." खरं म्हणतो की माझ्यासाठी म्हणतो, विचारलं नाही.
अ. त्या दिवशी आमच्याकडेच आलेला. म्हणजे त्यानं बघितलं होतं. वर्षभर गप्प राहिला.

बुध. १४
संक्रांत. गयाबाईनं तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाली. कोणाशी.

रवि. १८
पुन्हा परभणी. अ. हॉटेलवर होता, त्याला कळवलं नाही. सात नंबरसमोरच्या बाकड्यावर बसलो. आज ती बाई नव्हती.

ओलीचा पट्टा फरशीच्या सांध्यांवर मोजला. हातभर. गेट पाडल्यावर त्या जागी हातभर पाणी उतरायला किती वेळ लागतो, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. कुसुम सापडली तेव्हा पाणी मारोतीच्या गुडघ्याला होतं. म्हणजे हा फोटो त्याच्या बराच आधीचा. म्हणजे ती यात आहे. दिसत नाही, पण त्या फेसाच्या खाली कुठंतरी आहे. अ. ला हे कळलेलं नाही. त्याला वाटतं त्यानं पाण्याचा फोटो काढला.

शेजारी एक म्हातारा येऊन टेकला. "तुमचं कोण हाय आत?"
बायको, म्हणालो.
"व्हईल बरी," म्हणाला.

सोम. १९
अ. चा फोन. "दाजी, तुम्ही सांगा फक्त. सात नंबर काढायचा तर काढतो. पाटी नको तर पाटी काढतो. बुधवारी सकाळपर्यंत सांगा." आवाज मऊ. त्या दिवशी जीभ घसरली म्हणाला. घसरली नव्हती.
आधी ते कै. खोड, म्हणालो. आणि फोन ठेवला. फोटोतलं त्याला सांगितलं तर तो स्वतःच उतरवेल. मग ती बाई काय बघेल. आणि मी...

बुध. २१
सहाला नळ आला. टाकी भरली, हंडे भरले, तरी पाणी चालूच. ट्रंकेतून गोधडी काढली. त्या दिवशी पुलाच्या जाळीत अडकलेली, तीच. मारोतीनं आणून दिली तशीच वाळवून ठेवली होती, धुतली नव्हती. घडीतून गाळ सांडला.
खोलीत फोन वाजला, अ. चाच असणार. परत वाजला.
बादलीत गोधडी भिजवली. पाणी मातकट हिरवं झालं. ते मोरीत ओतलं, बादली परत नळाखाली लावली.