मोठीबाईचा डावा डोळा

२१ ऑक्टो., मंगळ.

लक्ष्मीपूजन. मोठीबाईनं, माझ्या थोरल्या जावेनं, पणतीत तेल ओतलं ते बाजूलाच गेलं. दोनदा. तिनं पदरानं पुसून घेतलं. मीच मग ऑपरेशनवरून भांडले. उजवा डोळा तिचा लहानपणीच गेला, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पातं लागून. राहिला एक डावा, त्यात मोतीबिंदू, अन ही बाई किती वर्षं एकच पालुपद लावून बसली, पिकू दे, पिकू दे. हिरवं धान कोणी कापते का म्हणे! गोंदियाच्या डाक्टरनं तोंडावर सांगितलं होतं की ते जुन्या काळचं, आता पिकायची वाट पाहत नाहीत, जास्त पिकला तर कडक होतो अन काढायला अवघड जातो. ऐकते कोण.

माझ्याही डोळ्यांत आहे, दोन्ही. तिनं अट घातली, तू झोपशील तर मी झोपीन, एकाच दिवशी. बरं म्हटलं. जाऊ म्हणून आले तेव्हापासून सगळं सोबतच तर करून राहिलो, हेही करू.

२४ ऑक्टो., शुक्र.

झालं. तिरोड्याहून बसनं गोंदिया. शुगर, बीपी, डोळ्यात दवाई, मग बसून राहा. आधी माझा नंबर, सध्या एकाच डोळ्याचा. गावात बाया सांगतात डोळा बाहेर काढून ठेवतात अन धुऊन परत बसवतात. काही नाही तसं. जागीच होते. तोंडावर कपडा, वर लाइट, लाल-निळं पाणी हलल्यासारखं. दुखलं नाही, थोडं दाबल्यासारखं वाटलं. खोकला आला तर आधी सांगायचं, हलायचं नाही, एवढंच बजावलं. मला तेव्हाच खोकला येईल असं वाटत राहिलं, आला नाही.

मो. बा. माझ्यामागून गेली. नर्स म्हणाली, अम्मा, हिलना मत. तर ही म्हणे मी कायले हलू, पैसे देऊन आली का पळायले. आतले सगळे हसले म्हणते.

२५ ऑक्टो., शनि.

सकाळी पट्टी काढली. मो. बा. माझ्याकडे पाहत राहिली अन म्हणाली, "कमल, तू बुढी झाली व."

लई बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की रडू आलं, अन रडायचं नाही म्हणून नर्स ओरडली.

काय पाळायचं ते सगळं सांगितलं. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी नाही, चुलीजवळ जायचं नाही, जड उचलायचं नाही, काळा चष्मा. ड्रॉपची शिशी ज्याची त्यानंच वापरायची, हात धुऊन, शिशीचं तोंड पापणीला लागू द्यायचं नाही. अन एक गोष्ट तीन वेळा सांगितली: डोळा लाल झाला, दुखला, किंवा दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी यायचं, सण असो का रविवार. मो. बा. हो हो म्हणत खिडकीतून रस्त्यावरचे ऑटो मोजत होती.

२७ ऑक्टो., सोम.

डोळे पाहायला बाया येऊन राहिल्या. प्रत्येकीला चष्मा वर करून पाहायचंच आहे. एक म्हणे शहद घाला, एक म्हणे गुलाबजल. दोघींना दारातूनच वाटेला लावलं, राग आला तर आला.

दवाई आम्ही एकमेकींना घालतो. ती शिशी आणते, आधी मी तिच्या डोळ्यात, मग ती माझ्या.

गुरुवारी गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. सविता येणार, मो. बा.ची लेक, पोरं घेऊन. वर्षातून तेवढीच येते. म्हणून ही बाई गॅस सोडून चुलीवर वडे तळायला बसली, मोठी कढई गॅसवर बसत नाही म्हणे. हात धरून उठवलं. "दोनच घाणे राहिले व," म्हणते. डोळा एकच राहिला ते नाही दिसत.

२९ ऑक्टो., बुध.

मो. बा. आज दिवसभर खोलीत. संध्याकाळी चष्मा काढायला लावला. लाल, पापणी सुजलेली. धूर लागला म्हणते. दुखते का? नाही. खोटं बोलते, कपाळ धरून बसली होती. तेवढ्यात दारात कोणी उभं राहिलं तर मला हळूच विचारलं, कोण आलं? दिलीप होता. तिच्या पोटचा पोरगा.



मंडई झाली का जाऊ, असं तिचं. दिलीपही तेच म्हणाला, काकू, उद्या घर पाहुण्यांनी भरते, आई नसली तर कसं दिसते, परवा सकाळी पहिल्या बसनं नेतो, एका दिवसानं काय होते. खरंच धूरच असला तर? ऐन मंडईत घरच्या बाईला पळवून नेलं म्हणून माझा गावभर गाजावाजा. होऊ दे. दिलीपला सांगितलं, उजाडलं की ऑटो दारात पाहिजे.

३० ऑक्टो., गुरु.

मंडई. आम्ही निघालो तेव्हा दुकानवाले ताडपत्र्या बांधत होते, दंडारीच्या नाचगाण्याचं स्टेज लागत होतं. फाट्यावर सविताचा ऑटो समोरून आला, पोरं हात हलवत होती. मो. बा.नं मान फिरवली अन ड्रायव्हरला म्हणाली, थांबू नको.

पुढं गेल्यावर बोलली. दोघींच्या डोळ्यात इतके दिवस एकच शिशी चालली होती, माझी. तिची तिनं फोडलीच नव्हती, तांदळाच्या कोठीत ठेवली होती. "तुह्या दुसऱ्या डोळ्याले ठेवली. डबल आणाची कायले?"

ऑटोवाल्यासमोर नाही नाही ते बोलले मी तिला.

डाक्टरनं डोळा पाहिला अन चेहरा बदलला. आत जंतू गेले. डोळ्यातच इंजेक्शन दिलं, भरती केलं. मी शिशीचं सांगितलं, धुराचं सांगितलं. ते म्हणाले, बाई, धूर, बोट, शिशी, कशानंही होते, कधीकधी सगळं पाळूनही होते, क्वचित. ते शोधत बसू नका. आज आल्या ते बरं, उद्या आल्या असत्या तर मी काही करू शकलो नसतो. दिसेल का विचारलं तर म्हणाले, आता सांगता येत नाही. माझा डोळाही तपासला, चांगला आहे. मला नवी शिशी दिली. पर्समध्ये टाकली, त्या शिशीकडे पाहवत नव्हतं.

१ नोव्हें., शनि.

वार्डात. सविता कालपासून इथंच. मंडईचे वडे घेऊन आली होती, मो. बा.नं एक खाल्ला, मीठ कमी म्हणाली. दिलीप आला, उभ्यानं होता, उभ्यानं गेला. मला एकदाही काकू म्हणाला नाही.

गावातल्या ज्या बाया पुढच्या महिन्यात ऑपरेशनला येणार होत्या त्यांतल्या चौघींनी फोनवर नाही सांगितलं. लई राग आला. अग, ऑपरेशन करू नका हे कुठं शिकल्या यातून? करा. नंतर चुलीपासून दूर राहा, आपली शिशी आपल्यापाशी ठेवा, अन लाल झाला तर पाहुण्यांना घरात बसवून दवाखान्यात पळा. एवढंच आहे हे. फोनवर तसंच बोलले. ऐकून घेतलं त्यांनी, हो म्हणाल्या नाही.

माझं चांगलं दिसते. भिंतीवरची पाल दिसते, सलाईनचे थेंब दिसतात. तिच्या बाजूला बसून चांगलं दिसणं, हे काही...

३ नोव्हें., सोम.

दुखणं उतरलं. लाली कमी. उद्या सकाळी डाक्टर तपासतील, पुढं बोटं धरून विचारतील किती म्हणून.

दुपारी मो. बा.नं सविताला चहा आणायला पाठवलं अन मला जवळ ओढलं. तू माझ्या मागं उभी राहा म्हणाली, जेवढी बोटं दाखवतील तेवढ्या वेळा पाठीवर दाब.

मी म्हटलं, डोकं फिरलं का तुमचं? डाक्टरला खोटं सांगाल तर दवाई काऊन देईल तो?

"मले समजते ते," ती म्हणाली. "पण दिलीप तिथं राहीन. दिसत नाही म्हटलं का तो मले खाटेवर बसवन. मंग मी काय करू व, मरेपर्यंत बसून?"

सविता चहा घेऊन आली. कप हातात दिला तर मो. बा.नं बरोबर कानाला धरला. दिसला म्हणून का अंदाजानं, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

सविता कप धुवायला गेली तेव्हा मो. बा. परत म्हणाली, उभी तरी राहशील ना मागं. राहीन म्हटलं. दाबीन का, ते तिनं विचारलं नाही, अन मी सांगितलं नाही.